हरणं परवडायला हवं : प्रस्तावना

जालना जिल्ह्यात टेनिसचा चेंडू ठाऊक नाही असं गाव सापडायचं नाही. उन्हाळ्यात भोकरदनपासून परतूरपर्यंत कुठंही जा, गावाबाहेरच्या पडीक रानात ‘टेनिस बॉल क्रिकेट’ची टूर्नामेंट रंगलेली असते. मंडप, भोंगा, घसा बसलेला कॉमेंटेटर आणि पहिलं बक्षीस कुणातरी पुढाऱ्याच्या सौजन्याने. चेंडू टेनिसचा, खेळ क्रिकेटचा. ज्या खेळासाठी तो चेंडू तयार झाला त्या खेळाशी आपली गाठ पडते ती जुलैत, विम्बल्डनच्या दिवसांत, आणि तीही टीव्हीवर. अशा जिल्ह्यात बसून टेनिसवर पुस्तक लिहायचं, त्यातही ज्युनियर खेळाडू व्यावसायिक कसा होतो एवढ्याच विषयावर, म्हणजे ‘हे वाचणार कोण?’ असं लोक विचारणारच.

वाचणारे आहेत. टेनिसवर मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक जिंकलेल्यांवर असतं. फेडररचा बॅकहँड, नदालची जिद्द, सानियाची कहाणी. पण बारा वर्षांची मुलगी चांगली खेळायला लागली, राज्याच्या स्पर्धेत दोन-तीन फेऱ्या मारून आली, तर पुढच्या दहा वर्षांत तिच्या आईबापांपुढे काय वाढून ठेवलंय हे सांगणारं लिखाण आपल्याकडे जवळजवळ नाही. कोच सांगतात ते आपापल्या अकादमीच्या सोयीने. बाकीची माहिती मिळते ती कोर्टाच्या जाळीबाहेर खुर्च्या टाकून बसलेल्या इतर पालकांकडून, आणि त्यात निम्मी ऐकीव असते.

या पुस्तकाचं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं. ज्युनियर टेनिसमध्ये जिंकावं लागतं. व्यावसायिक टेनिसमध्ये हरणं परवडावं लागतं. ३२ जणांच्या ड्रॉमध्ये दर आठवड्याला ३१ जण हरतात. जगात तीनशेव्या क्रमांकावर असलेला, म्हणजे कुठल्याही निकषाने अफाट चांगला खेळणारा माणूस वर्षातले बहुतेक आठवडे हरूनच विमानतळ गाठतो. पुढच्या आठवड्याचं तिकीट त्याच्याकडे असेल तर तो खेळाडू राहतो, नसेल तर माजी खेळाडू होतो. गुणवत्ता, मेहनत, जिद्द या गोष्टी लागतातच, पण त्या सगळ्यांकडेच असतात. फरक पडतो तो हरण्याचा खर्च कोण, किती वर्षं आणि कशाच्या बळावर उचलतो यामुळे.

जालनेकरांना हे समजायला घरचंच उदाहरण उपयोगी पडेल. २०११ साली जालन्याच्या विजय झोलने एकोणीस वर्षांखालच्या कूचबिहार करंडकात महाराष्ट्राकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. २०१२च्या युवा विश्वचषक विजेत्या संघात तो होता, २०१४च्या युवा विश्वचषकात भारताचा कर्णधार होता, रणजी पदार्पणात त्याने नाबाद द्विशतक ठोकलं. पुढे भारताच्या मुख्य संघापर्यंत तो पोचला नाही. ज्युनियर ते सीनियर ही उडी क्रिकेटमध्येही अवघडच आहे. पण त्या सगळ्या वाटेवर संघ निवडणारं कुणी होतं, रेल्वेचं तिकीट काढणारं कुणी होतं, हॉटेल ठरलेलं होतं, सामन्याचं मानधन होतं. शून्यावर बाद झालं तरी परतीचा डबा आरक्षित असतो. कुस्तीचीही आपल्याकडे एक व्यवस्था आहे. २०१८च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरी जालन्यात झाली आणि बाला रफिक शेखने अभिजित कटकेला हरवून गदा उचलली, तेव्हा मैदानातल्या प्रत्येकाला तो मल्ल कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, हे माहीत होतं. तालीम, खुराक, गावोगावच्या यात्रांतले फड, इनाम. मल्ल घडवायला किती लागतं याचा अंदाज खेड्यातल्या माणसालाही असतो. टेनिसमध्ये यातलं काहीच नाही. तेराव्या वर्षापासून खेळाडू हा स्वतःचाच संघ, स्वतःचाच व्यवस्थापक आणि स्वतःचाच खजिनदार. म्हणजे अर्थात त्याचे आईबाप.

नवख्या वाचकासाठी शिडीची मांडणी आधी सांगून टाकतो, कारण पुढे हेच शब्द वारंवार येतील. देशात अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या बारा, चौदा, सोळा आणि अठरा वर्षांखालच्या स्पर्धा. त्यांवरून राष्ट्रीय रँकिंग. तेरा वर्षं पूर्ण झाली की आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या, ज्युनियर स्पर्धा खुल्या होतात. जे३०, जे६०, जे१०० अशा चढत जे५०० पर्यंत आणि वर चार ग्रँड स्लॅमच्या ज्युनियर स्पर्धा. वयाची मोजदाद जन्मसालावर होते, त्यामुळे डिसेंबरात जन्मलेलं पोर कायम आपल्याहून जवळपास वर्षभर मोठ्या मुलांशी खेळत असतं. हा अन्याय छोटा वाटतो, पण बाराव्या वर्षी एका वर्षात चार बोटं उंची वाढते.

दुसरी शिडी मोठ्यांची. तळाला पुरुषांच्या एम१५ आणि एम२५, महिलांच्या डब्ल्यू१५, डब्ल्यू३५ आणि पुढे. त्यांच्या वर पुरुषांसाठी चॅलेंजर, मग एटीपी, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टूरच्या, २५०, ५००, १००० या स्पर्धा, आणि शेवटी ग्रँड स्लॅम. स्लॅमच्या १२८ जणांच्या ड्रॉमध्ये रँकिंगवर थेट जागा साधारण १०४ जणांना. क्वालिफाइंग, म्हणजे मुख्य ड्रॉआधीची पात्रता फेरी, खेळायला मिळावी म्हणूनही अडीचशेच्या आत असावं लागतं. गोम अशी की पहिल्या शिडीवरचे गुण दुसऱ्या शिडीवर चालत नाहीत. ज्युनियरमध्ये जगात पहिल्या दहात असलेला मुलगाही मोठ्यांच्या यादीत शून्यापासून सुरुवात करतो. अलीकडे, २०२३पासून, वर्षअखेरीस वरच्या ज्युनियरना काही चॅलेंजर स्पर्धांत थेट जागा देण्याची सोय झाली आहे. ती जगातल्या मोजक्या मुलांपुरती. बाकीच्यांना एम१५च. तिथं मुख्य ड्रॉमधला एक सामना जिंकला की एक एटीपी पॉइंट, सगळी स्पर्धा जिंकली की पंधरा. विजेत्याला मिळतात दोन हजार डॉलरच्या आसपास, पहिल्याच फेरीत हरलेल्याला दीडशेच्या आसपास, आणि त्यातूनही कर कापला जातो. मिळवलेला पॉइंट ५२ आठवड्यांनी गळून पडतो. म्हणजे आहे तिथं टिकायचं तरी पुढच्या वर्षी पुन्हा जिंकावं लागतं.

ही विभागणी नेहमीच इतकी कडक नव्हती. रामनाथन कृष्णन यांनी १९५४ साली विम्बल्डनची ज्युनियर स्पर्धा जिंकली आणि १९६० व १९६१ला ते मोठ्यांच्या विम्बल्डनमध्ये उपांत्य फेरीत खेळले. तेव्हा टेनिस हौशी होतं, उघडपणे पैसे मिळत नव्हते, प्रवासाचं बघायला संघटना, यजमान क्लब, एखादा धनिक असायचा. ज्युनियर आणि सीनियर यांच्यातलं अंतर हे खेळातलंच अंतर होतं. १९६८ला स्पर्धा व्यावसायिकांना खुल्या झाल्या, १९७३ला संगणकावरचं एटीपी रँकिंग आलं, आणि कुठली स्पर्धा खेळता येईल हे निवड समितीऐवजी एक आकडा ठरवू लागला. माझ्या मते टेनिसच्या इतिहासातली सगळ्यात मोठी क्रांती ही. ग्रॅफाइटच्या रॅकेटचा नंबर तिच्यानंतर. या आकड्यामुळे पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही ओळखीशिवाय कुणीही वर जाऊ शकेल अशी सोय झाली, आणि त्याच आकड्यामुळे आठवड्यामागून आठवडे जगभर फिरणं सक्तीचं झालं. एका हाताने दार उघडलं आणि दुसऱ्याने तिकिटाची खिडकी बसवली.

त्यानंतरचे भारतीय ज्युनियर पाहिले तर या उडीची उंची लक्षात येते. रमेश कृष्णन १९७९ला विम्बल्डन आणि फ्रेंच अशा दोन्ही ज्युनियर स्पर्धा जिंकून ज्युनियरमध्ये जगात पहिले. मोठ्यांत सर्वोत्तम क्रमांक २३. लिअँडर पेस १९९०चा विम्बल्डन ज्युनियर विजेता. एकेरीत सर्वोत्तम ७३. युकी भांब्री २००९चा ऑस्ट्रेलियन ज्युनियर विजेता आणि ज्युनियर अव्वल. एकेरीत ८३, दुखापतींनी बेजार होऊन पुढे दुहेरीकडे. हे आकडे अपयशाचे नाहीत. जगातल्या पहिल्या शंभरात असणं म्हणजे काय चीज आहे हे ज्याने एकदा एम१५चा सामना डोळ्यांनी पाहिला त्याला विचारा. पण ज्युनियर करंडक हा पुढच्या यशाचा हमीदाखला नव्हे. उलटही खरं आहे. इटलीचा यानिक सिन्नर ज्युनियरमध्ये १३३च्या वर कधी गेला नाही; त्याच्या प्रशिक्षकांनी त्याला लहान वयातच मोठ्यांत ढकललं, हरू दिलं.

महाराष्ट्रातली गोष्ट जिमखान्यांतून सुरू होते. इंग्रजांची वस्ती, छावणी जिथं, तिथं गवताची नाहीतर मातीची कोर्टं. हैदराबाद कॉन्टिन्जंटची छावणी जालन्यातही होती. तिच्यामागे पुण्यासारखा जिमखाना मात्र उभा राहिला नाही. मुंबईत हा खेळ शिकलेल्या घरांत लवकर शिरला. संस्कृतात लिहिणाऱ्या पंडिता क्षमा राव स्वतः टेनिस खेळायच्या, आणि त्यांची मुलगी लीला राव हिने १९३४ला विम्बल्डनमध्ये सामना जिंकला. तिथं सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. सांगलीचे नंदू नाटेकर मुळात टेनिसचे. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ते रामनाथन कृष्णनकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५६ला परदेशात बॅडमिंटनचं विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरले. टेनिसने सोडलेला माणूस दुसऱ्या खेळाने उचलला, याचं इतकं देखणं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. त्यांचा मुलगा गौरव पुन्हा टेनिसमध्ये आला आणि १९९४च्या हिरोशिमा आशियाई खेळांत पेसबरोबर दुहेरीचं सुवर्ण घेऊन गेला. १९७४ला डेव्हिस करंडकात भारताने सोव्हिएत संघाला हरवलं ते पुण्यात. अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेशी होता आणि वर्णभेदाच्या निषेधार्थ भारताने तो खेळलाच नाही.

जिमखान्यातली एक व्यक्ती इतिहासात येत नाही, म्हणून तिच्यावर इथं थोडं थांबतो. मार्कर. बहुतेक वेळा कोर्टाच्या कडेला चेंडू गोळा करणारा पोऱ्या म्हणून लागलेला, मेंबर लोकांना पाटनर कमी पडला की रॅकेट हातात घेणारा, आणि दहा-पंधरा वर्षांत अर्ध्या मेंबरांना कोऱ्या सेटने हरवू शकेल असा. पहाटे मातीच्या कोर्टावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या, मग साहेब लोकांना त्यांच्या बॅकहँडवर नेमके येतील असे चेंडू तासभर द्यायचे. चेंडू एकाच जागी, एकाच उंचीवर, शंभरदा टाकता येणं ही फार मोठी कला आहे. आपल्याकडचे कितीतरी कोच या मार्करांतून तयार झाले. त्यांनी घडवलेली मुलं हातात नजाकत घेऊन आली. नेटजवळचा खेळ, हलका स्पर्श, दुहेरीची समज. उन्हात तीन तास बेसलाइनवर धावायची ताकद मात्र त्या पद्धतीतून येत नव्हती, आणि आजचं व्यावसायिक टेनिस तीच मागतं. भारतीय खेळाडू दुहेरीत जग जिंकतात आणि एकेरीत अडतात याचं एक कारण मला या जिमखानी घडणीत दिसतं. सगळ्यांना हे पटेल असं नाही.

पुढच्या पद्धती याच उणिवेवरचे उपाय आहेत. १९८५ला चेन्नईत ब्रिटानिया अमृतराज अकादमी निघाली, मुलं तिथंच राहायची, पेस तिथूनच आला. तो निवासी अकादमीचा मार्ग. दुसरा, देशातच एकाच गुरूकडे टिकून राहायचा. अहमदाबादची अंकिता रैना २००७ला पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्याकडे आली आणि भारतातल्या व आशियातल्या छोट्या स्पर्धांतून एकेक पायरी चढत एकेरीत १६०व्या क्रमांकापर्यंत गेली. सावकाश, कष्टाचा, कमी दिखाऊ मार्ग. मला व्यक्तिशः त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो. बार्शीची प्रार्थना ठोंबरे पुढे हैदराबादला सानिया मिर्झाच्या अकादमीत गेली, २०१४च्या आशियाई खेळांत सानियाबरोबर कांस्य आणि २०१६ला तिच्याच जोडीने रिओ ऑलिंपिक. बार्शी म्हणजे तालुक्याचं गाव. जालन्याने हे नाव पाठ करून ठेवावं.

तिसरा मार्ग अमेरिकन कॉलेजांचा, आणि मराठी मध्यमवर्गाला तो सगळ्यात जवळचा वाटावा, कारण त्यात पदवी आहे. श्रीरामपूरला जन्मलेली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली. २०२३ला हांगझोऊच्या आशियाई खेळांत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण तिच्या गळ्यात पडलं. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटचा. २०२४ला रित्विक बोल्लीपल्लीबरोबर त्याने अल्माटीत एटीपी २५०चं दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाकडून २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकेचा कॉलेज विजेता होता, मग जगात ६२वा. या मार्गात शिष्यवृत्ती मिळते, चार वर्षं कोच, फिजिओ, सामने, जेवण यांचा घोर मिटतो. थोडक्यात, हरण्याचा खर्च विद्यापीठ उचलतं. अट एवढीच की अठराव्या वर्षी कॉलेजच्या कोचला दाखवण्याजोगं आयटीएफ ज्युनियर रँकिंग हवं आणि बारावीचे मार्कही. ‘खेळायचंय ना, मग अभ्यास राहू दे’ म्हणणारे उत्साही पालक हा दरवाजा मुलांच्या तोंडावर स्वतःच्या हाताने लावतात.

चौथा मार्ग लहानपणीच परदेश गाठण्याचा. पुण्याचा मानस धामणे हे त्याचं आजचं उदाहरण, आणि या पुस्तकाच्या विषयाचंही. २९ डिसेंबर २००७चा जन्म, म्हणजे मघाशी म्हटलेल्या डिसेंबरी पोरांपैकी. इटलीत बोर्डिगेराला रिकार्दो पियाटी यांच्या केंद्रात तो घडला. सिन्नर मोठा झाला ते हेच केंद्र. जानेवारी २०२३मध्ये बालेवाडीच्या टाटा ओपन या एटीपी स्पर्धेत त्याला मुख्य ड्रॉचं वाइल्ड कार्ड मिळालं, म्हणजे रँकिंग न बघता आयोजकांनी दिलेली थेट जागा. पंधरावा वाढदिवस होऊन आठवडाही झाला नव्हता. समोर अमेरिकेचा मायकेल म्मोह. मानस ६-२, ६-४ हरला. दुसऱ्या दिवशीच्या बातम्या वाचल्या तर तो जिंकला असंच वाटावं, आणि ते चूकही नव्हतं. पंधराव्या वर्षी एटीपीच्या सामन्यात दुसऱ्या सेटमध्ये चार गेम काढणं ही साधी गोष्ट नाही. त्यानंतर वर्तमानपत्रांतून त्याचं नाव कमी झालं. मोठ्यांच्या आयटीएफ स्पर्धेचं पहिलं एकेरी विजेतेपद त्याला मिळालं ते २०२५ला, ट्युनिशियातल्या मोनास्टिरला, एम१५ स्पर्धेत. वाइल्ड कार्ड एका दिवसाचं, पहिलं विजेतेपद त्यानंतर दोन वर्षांहून जास्त काळाने. बातमी होत नाही असा हा जो मधला काळ आहे, त्याच्यावरच हे पुस्तक आहे.

मोनास्टिर हे ठिकाण कसं असतं ते सांगायला हवं. समुद्रकाठचं हॉटेलांचं गाव, आणि तिथं वर्षातले बहुतेक आठवडे एम१५ आणि डब्ल्यू१५ चालू. तुर्कस्तानात अंताल्या, इजिप्तमध्ये शर्म एल शेख हीही तसलीच ठाणी. स्पर्धा सुरू होणाऱ्या सोमवारच्या १८ दिवस आधीच्या गुरुवारी एंट्री करावी लागते, म्हणजे या आठवड्यात पाठ धरली काय किंवा फॉर्म गेला काय, तीन आठवड्यांनंतरचा निर्णय आधीच झालेला असतो. क्वालिफाइंगमध्ये हरलं तर सोमवारीच मोकळं. मग पुढच्या क्वालिफाइंगपर्यंत हॉटेलचं भाडं चालू, प्रॅक्टिसला कोर्ट मिळवण्यासाठी वहीत नाव लिहायचं, आपल्यासारखाच हरलेला कुणी सर्बियन किंवा अर्जेंटिनाचा पोरगा हिटिंगला शोधायचा. प्रेक्षक नाहीत, बॉलबॉय बहुतेक वेळा नाहीत, चेंडू आपणच गोळा करायचा. संध्याकाळी गटिंग, म्हणजे रॅकेटला नवी तार घालणं. पॉलिएस्टरची तार तुटली नाही तरी काही तासांत मरते, चेंडू हातात जड लागायला लागतो, म्हणून व्यावसायिक खेळाडू ती तुटायची वाट बघत नाही. कापून नवीन घालतो. तीन रॅकेटचं गटिंग, तेही परक्या चलनात. काटकसरीची मुलं छोटं गटिंग मशीन बॅगेत घेऊनच फिरतात आणि हॉटेलच्या खोलीत स्वतः तार ओढत बसतात. इतकं करून मंगळवारी पहिली फेरी जिंकली की एक पॉइंट. घरी फोन जातो, ‘पॉइंट आला.’ त्या दोन शब्दांत काय काय असतं हे टेनिसच्या घरांनाच कळतं.

या पैशाचा हिशोब जगानेही मांडला आहे. आयटीएफने २०१३ सालच्या आकड्यांवरून केलेल्या पाहणीत दिसलं की व्यावसायिक स्पर्धा खेळणाऱ्या जवळपास १४ हजार जणांपैकी निम्म्याच्या आसपास खेळाडूंना बक्षिसाचा एक डॉलरही मिळाला नव्हता, आणि कोचचा खर्च न धरताही पुरुषांत साधारण ३३६वा, महिलांत २५३वा क्रमांक असेल तरच जमाखर्चाची तोंडमिळवणी होत होती. आपल्याकडचा सगळ्यात बोलका दाखला सुमित नागलचा. देशाचा एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू असताना २०२३च्या सप्टेंबरात त्याने जाहीरपणे सांगितलं की बँकेत ९०० युरो उरलेत. चार महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये क्वालिफाइंगमधून येऊन त्याने मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवलं आणि दुसऱ्या फेरीचे एक लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, आपले ९० लाखांच्या वर, कमावले. पुढे ६८व्या क्रमांकापर्यंत गेला. खेळाडू तोच, हातही तेच. सप्टेंबरात त्याने नाद सोडला असता तर त्याला कुणी बोल लावला नसता.

आता हे पुस्तक आत्ताच का? बालेवाडीची एटीपी स्पर्धा २०१८ला चेन्नईहून आली आणि २०२३नंतर गेली. आज भारतात एटीपी टूरची एकही स्पर्धा नाही, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला घरच्या मैदानावर तसं वाइल्ड कार्ड मिळण्याची वाटही तिच्याबरोबर बंद झाली. पण तिच्याखालची पायरी मात्र भरते आहे. पुण्यात चॅलेंजर होते. मुंबईत महिलांच्या टूरची डब्ल्यूटीए १२५ स्पर्धा सुरू झाली आणि २०२५ला तिथं कोइम्बतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन क्वालिफाइंगमधून थेट उपांत्य फेरीत गेली. सोलापुरात आयटीएफ स्पर्धा होतात. कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव २०२२ला विम्बल्डनच्या चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत खेळली. पुण्याची वैष्णवी आडकर २०२५ला जागतिक विद्यापीठ स्पर्धेत एकेरीचं कांस्य घेऊन आली. त्याआधी भारताला तिथं टेनिसचं पदक मिळालं होतं ते १९७९ला, नंदन बाळ यांचं, म्हणजे तेही पुण्याचंच. नावं वाढताहेत आणि पुण्याबाहेरचीही आहेत. मराठवाड्याचा रकाना अजून कोराच आहे.

तो कोरा का, याची उत्तरं भावनिक दिली जातात. मला दोन कोरडी कारणं दिसतात. पहिलं अंतर. जालन्याहून छत्रपती संभाजीनगर साठेक किलोमीटर, तिथल्या विभागीय क्रीडा संकुलात टेनिसची कोर्टं आहेत, पण रोज शाळा सुटल्यावर जाऊन-येऊन दोन-अडीच तास रस्त्यावर घालवायचे तर मूल खेळेल कधी आणि झोपेल कधी? पुणे तीनशे किलोमीटरच्या घरात. समृद्धी महामार्गाने मुंबई जवळ आली, टेनिसचं पुणे होतं तिथंच राहिलं. दुसरं कारण जास्त खोल आहे. आपल्याकडे खेळाची किंमत प्रमाणपत्रात होते. शालेय क्रीडा स्पर्धा, जिल्हा, विभाग, राज्य; दहावी-बारावीला सवलतीचे गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण. हे सगळं चांगलंच आहे, अनेक घरं त्यावर उभी राहिली. पण शालेय राज्य स्पर्धेतलं पदक टेनिसच्या रँकिंगमध्ये शून्य धरलं जातं. जो मुलगा प्रमाणपत्रासाठी खेळतो त्याची वाट आणि जो पॉइंटसाठी खेळतो त्याची वाट बाराव्या-तेराव्या वर्षीच फुटते, आणि जालन्यातल्या पालकांना हे बहुधा पंधराव्या वर्षी कळतं. तोवर पुण्याच्या त्याच्याच वयाच्या मुलाने तीन वर्षांच्या रँकिंग स्पर्धा खेळलेल्या असतात.

मोसंबीच्या बागेवर किंवा सळईच्या कारखान्यातल्या पगारावर घर चालवणाऱ्या माणसाने या वाटेला जावं की नाही, हे मी सांगणार नाही. तेवढा अधिकार पुस्तकाला नसतो. मी इतकंच केलं आहे की ही वाट पायरी पायरीने, दर पायरीचा खर्च, वेळ आणि माघार घेण्याची जागा दाखवत उलगडली आहे. माघारीची जागा मुद्दाम. सोळाव्या वर्षी, अठराव्या वर्षी, कॉलेजनंतर, कुठं थांबलं तर हातात काय उरतं, हे आधी माहीत असेल तर थांबणं पराभवासारखं वाटत नाही. नंदू नाटेकर थांबलेच होते की.

पुस्तकात खेळाडूंची चरित्रं नाहीत, त्यांच्या वाटेतले निर्णय आहेत. तंत्र शिकवण्याचा प्रयत्न नाही. सर्व्हिस पुस्तकातून शिकता येत नाही. दुहेरीला एक अख्खा भाग दिला आहे, कारण भारतीयांचं पोट आजवर तिथंच भरलं आहे आणि पालक मात्र तिच्याकडे दुय्यम म्हणून बघतात. मुलींच्या वाटेचा विचार वेगळा केला आहे. जेनिफर कॅप्रिआती तेराव्या वर्षी व्यावसायिक झाली आणि पुढे तिची जी परवड झाली तिच्यानंतर डब्ल्यूटीएने कमी वयाच्या मुलींच्या स्पर्धांवर मर्यादा घातल्या. त्या मर्यादा आपल्या पालकांना अडसर वाटतात, मला त्या संरक्षक वाटतात. एकट्या मुलीला मोनास्टिरला पाठवायचं की बरोबर जायचं, आणि बरोबर गेलं तर घरचा दुसरा पगार बुडतो त्याचं काय, असे प्रश्नही तिथंच घेतले आहेत, कारण प्रत्यक्षात निर्णय त्यांवरच ठरतात. व्हीलचेअर टेनिसला न्याय देता आलेला नाही. त्याला स्वतंत्र पुस्तक लागेल आणि ते दुसऱ्या कुणी जास्त जाणत्या माणसाने लिहावं.

गुणांची कोष्टकं, बक्षिसांच्या रकमा, वयाचे नियम दर एक-दोन वर्षांनी बदलतात. म्हणून ती शेवटी एकत्र दिली आहेत. एंट्री भरण्यापूर्वी महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटना आणि आयटीएफ यांचे चालू नियम पाहूनच पुढं जावं. ज्यांचं मूल दहा-बारा वर्षांचं आहे त्यांनी इतिहासाचा भाग खुशाल सोडून खर्चाच्या भागापासून सुरुवात करावी, आणि तो मुलाच्या कोचबरोबर बसून वाचावा. कोच टाळाटाळ करू लागला तर तीही उपयोगाचीच माहिती समजावी.